जुन्या लिफ्टची सेफ्टी कशी ओळखावी आणि कशी सांभाळावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इमारतीतली लिफ्ट जुनी आहे, नेमप्लेटवर रंगाचे थर चढले आहेत आणि देखभालीची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली आहे. गेल्या महिन्यात दोन माणसे खाली येत असताना मोठा आवाज झाला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मेकॅनिक आला, "सेफ्टी लागली होती, काही नाही" म्हणाला, केबिन थोडी वर घेऊन सेफ्टी सोडवली आणि लिफ्ट चालू करून गेला. (सेफ्टी म्हणजे केबिनचा वेग मर्यादेबाहेर गेला की तिला पकडून थांबवणारे साधन.) आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: ही सेफ्टी कोणत्या प्रकारची आहे, तिची देखभाल कशी करायची आणि ती बदलावी का.

प्रकार ओळखता येतो, पुढे सांगतोच. पण त्याआधी त्या प्रसंगाचा छडा लागायला हवा. सेफ्टी लागली हे कळले, का लागली हे कोणालाच माहीत नाही. कारण नसताना लागणारी सेफ्टी खरी वेळ आल्यावर लागेलच असे धरून चालता येत नाही. म्हणून माझे पहिले सांगणे: कारण सापडून ते लेखी हातात येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवा. रहिवासी कुरकुर करतील, वृद्धांचे हाल होतील, हे मला कळते. तरीही बंद ठेवा.

मी तुमची लिफ्ट पाहिलेली नाही. वेग किती, भार किती, केबिनला वाट दाखवणारी उभी रेल कोणती, मशीन गिअरचे की बिनगिअरचे, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. कोणती तपासणी सक्तीची आणि ती कोणी करायची हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर ठरते, ते तपासून घ्या. आणि तुम्ही मेकॅनिकल इंजिनियर असलात तरी पिटमध्ये (तळाच्या खड्ड्यात) उतरणे, कारटॉपवर (केबिनच्या छतावर) चढणे, ब्रेक किंवा गव्हर्नरला (वेगावर नजर ठेवणाऱ्या पुलीला) हात लावणे ही कामे लिफ्टचे प्रशिक्षण आणि परवाना असलेल्या माणसाचीच. तुम्ही पाहा, विचारा, फोटो काढून घ्या, लिहून घ्या. हे उत्तर त्यासाठीच आहे.

आधी दोन ब्रेकमधला घोळ मिटवू, कारण बोलताना दोन्हींना "सेफ्टी ब्रेक" म्हटले जाते. एक ब्रेक मशीनवर असतो. मोटर आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ड्रम, त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे शू, त्यांना दाबणाऱ्या स्प्रिंग आणि त्यांना उघडणारी कॉईल. वीज गेली की स्प्रिंग शूंना ड्रमवर दाबतात आणि लिफ्ट थांबते. हा ब्रेक दिवसभर काम करतो. दुसरी ती खरी सेफ्टी. ती केबिनच्या चौकटीला, बहुधा खालच्या बाजूला असते आणि थेट गाईड रेलला पकडते. ती वर्षानुवर्षे काहीच करत नाही, आणि जुन्या लिफ्टमध्ये तिची खरी अडचण हीच आहे. मशीनचा ब्रेक बिघडायला लागला की लिफ्ट मजल्यापेक्षा खालीवर थांबू लागते, लोक तक्रार करतात. सेफ्टी गंजून जाम झाली तर कोणालाही काहीच जाणवत नाही.

सेफ्टी एकटी काम करत नाही, ती एक साखळी आहे. मशीन रूममध्ये गव्हर्नर नावाची पुली असते. तिच्यावरून एक बारीक रोप खाली पिटमधल्या टेन्शन पुलीपर्यंत जातो आणि केबिनच्या लिव्हरला जोडलेला असतो, त्यामुळे केबिन चालली की रोप चालतो आणि गव्हर्नर फिरतो. वेग मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर आधी विजेचा स्विच तोडतो, तरीही वेग वाढला तर रोप पकडून धरतो. केबिन खाली जात राहते, रोप थांबलेला असतो, त्यामुळे लिव्हर वर ओढला जातो आणि पाचरी किंवा रोलर रेलवर जाऊन आवळतात. यातला कुठलाही दुवा निकामी असेल तर बाकीचे धडधाकट असूनही उपयोग नाही. २८ जुलै १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर बॉम्बर विमान आदळले, तेव्हा एका लिफ्टचे मुख्य रोप तर तुटलेच, गव्हर्नरचा रोपही तुटला. सेफ्टी जागेवर होती, पण तिला ओढणारे कोणी उरले नाही आणि केबिन ७५ मजले खाली गेली. आतली लिफ्ट चालवणारी तरुणी जबर जखमी होऊनही वाचली. तो अपघात विमानाचा होता, पण रोजच्या कामात त्याचा अर्थ सरळ आहे: पाचरी पाहून झाल्या की सेफ्टी तपासून झाली असे होत नाही. गव्हर्नर, त्याचा रोप, टेन्शन पुली, लिव्हर, पाचरी आणि रेल, सगळे मिळून सेफ्टी.

आता तुमच्या प्रसंगाकडे. त्यातला एक तपशील मला खटकतो: केबिनमध्ये दोनच माणसे होती आणि ती खाली येत होती. काउंटरवेट (रोपच्या दुसऱ्या टोकाला केबिनला तोलून धरणारा भार) याचे वजन रिकामी केबिन अधिक ठरलेल्या भाराच्या साधारण ४० ते ५० टक्के इतके ठेवतात. म्हणजे ६८० किलोच्या लिफ्टमध्ये काउंटरवेट रिकाम्या केबिनपेक्षा साधारण २७० ते ३४० किलोने जड असते. दोन माणसांचे मिळून दीडशे किलो धरा. काउंटरवेट तरीही जड आहे. अशा वेळी मशीनचा ब्रेक घसरला तर केबिन वर पळेल, खाली नाही. म्हणून त्या दिवशी केबिन आपल्या वजनाने वेग घेऊन खाली गेली असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. ड्राइव्हच्या (मोटर चालवणाऱ्या विद्युत यंत्रणेच्या) बिघाडाने मोटरनेच वेग वाढवला असेल, तर ते कंट्रोलरच्या नोंदीतून किंवा तपासणीतून कळायला हवे. किंवा वजनांचा तोल बिघडलेला असेल. केबिनला नव्याने दगडी फरशी, आरसे, स्टीलचे पत्रे लावले गेले का, हे नक्की विचारा. सजावटीत केबिनचे वजन वाढते आणि काउंटरवेट तसेच राहते, हे मी वारंवार पाहतो. त्याने तोल जातोच, शिवाय सेफ्टी ज्या एकूण वजनासाठी बसवली होती ते वजनही ओलांडले जाऊ शकते.

हे दोन्ही नसेल तर सेफ्टी वेग न वाढताच लागली. त्यासाठी मी आत अडकलेल्या माणसांना एक प्रश्न विचारला असता: आवाज लिफ्ट निघताच झाला की चालता चालता मध्येच? लिफ्ट झटक्याने खाली निघते तेव्हा गव्हर्नर आणि रोप जडत्वामुळे क्षणभर मागे राहतात, म्हणजे केबिनच्या मानाने रोप वर ओढला जातो. लिव्हरला जागेवर धरणारी स्प्रिंग सैल झाली असेल तर तेवढ्या ओढीनेही पाचरी उचलल्या जातात. वर जाणारी लिफ्ट अचानक थांबली तरी हेच होते. आवाज मध्येच झाला असेल तर त्या ठिकाणी रेलचा जोड आहे का पाहायचे. गाईड शूचे (केबिनला रेलवर धरून ठेवणाऱ्या पकडींचे) लायनर, म्हणजे आतले अस्तर, झिजले की केबिन एका बाजूला कलते, पाचर आणि रेल यांमधली फट कमी होते, आणि जोडावर थोडी जरी पायरी असेल तर पाचर तिथे अडकून स्वतःच ओढली जाते. तिसरी शक्यता गव्हर्नरची. त्याचे पिव्होट वाळलेल्या तेलाने आणि धुळीने जड झाले असतील, रोप पकडणारा जबडा झिजून रोपला घासत असेल, किंवा रोप ताणला जाऊन टेन्शन वेट पिटच्या फरशीवर टेकले असेल आणि रोप सैल होऊन कशात तरी अडकला असेल. शेवटचे ओळखायला सर्वांत सोपे आहे आणि सापडतेही बरेचदा. टेन्शन वेटच्या हालचालीवर एक स्विच असतो, तो वेळीच लिफ्ट बंद करण्यासाठीच. तो तारेने बांधून ठेवलेला दिसला तर समजा की आधीही कोणीतरी हे पाहून गप्प बसले आहे.

आता प्रकार कसा ओळखायचा. लिफ्टचा ठरलेला वेग आधी हवा, कारण प्रकार त्यावरच ठरतो. नेमप्लेट वाचता येत नसेल तर गव्हर्नरवर वेगळी प्लेट असते, तिच्यावर लिफ्टचा वेग आणि गव्हर्नर लागण्याचा वेग कोरलेला असतो. रंग खरवडताना धातूचा ब्रश वापरू देऊ नका, अक्षरे जातात. तीही नसेल तर मेकॅनिक टॅकोमीटरने रोपचा वेग मोजू शकतो.

मग मेकॅनिकने पिटमधून वर, केबिनच्या खाली पाहायचे. दोन्ही बाजूंच्या रेलपाशी छोटा, जाड ओतीव ठोकळा आणि त्याच्या तिरक्या खाचेत खरखरीत रोलर दिसला, कुठेही स्प्रिंग दिसली नाही, तर ती क्षणात थांबवणारी सेफ्टी आहे. रोलर वर चढतो, रेल आणि ठोकळ्यात चिणला जातो आणि केबिन जागच्या जागी थांबते. धक्का सगळा माणसांच्या पायांना आणि चौकटीला बसतो, म्हणून ती फक्त कमी वेगासाठी चालते. युरोपीय ईएन ८१ मानकात ही मर्यादा सेकंदाला ०.६३ मीटर आहे. काही जुन्या लिफ्टमध्ये रोलरऐवजी दातेरी कॅम असतात, त्यांचीही जात हीच. तुमची लिफ्ट सेकंदाला १ मीटरची निघाली आणि खाली असे रोलर दिसले, तर देखभालीचा प्रश्न मागे पडतो आणि बदलण्याचा पुढे येतो.

ठोकळा मोठा असेल, त्यात गुळगुळीत किंवा बारीक खाचांच्या पाचरी असतील आणि ठोकळ्याला आवळून धरणारी इंग्रजी यू आकाराची जाड स्प्रिंग किंवा चकत्यांच्या स्प्रिंगचा संच असेल, तर ती हळूहळू थांबवणारी सेफ्टी आहे. पाचर एका ठरलेल्या जागेपर्यंतच चढते, पुढचा दाब स्प्रिंग ठरवते आणि केबिन घसरत थांबते. ईएन ८१ नुसार पूर्ण भारासह मोकळ्या पडणाऱ्या केबिनचा वेग कमी होण्याचा सरासरी दर गुरुत्वीय त्वरणाच्या ०.२ ते १ पट यांमध्ये बसला पाहिजे. ढोबळ गणित करून पाहा: सेकंदाला १.४ मीटर वेगाला सेफ्टी लागली, तर या मर्यादांमध्ये थांबण्याचे अंतर साधारण १० ते ५० सेंटीमीटर येते. हा आकडा लक्षात ठेवा, रेलवरच्या खुणा वाचताना लागेल.

आणखी जुना एक प्रकार आहे. केबिनच्या खाली मध्यभागी ड्रम, त्यावर गुंडाळलेला रोप, आणि ड्रम फिरला की स्क्रूने दोन्ही बाजूंचे लांब जबडे रेलवर मिटणारे. याची वरून दिसणारी खूण म्हणजे केबिनच्या फरशीतले छोटे झाकण. त्यातून चावी घालून ड्रम उलटा फिरवून सेफ्टी सोडवतात. नवी फरशी टाकताना हे झाकण बुजवले जाते, मग सेफ्टी लागली तर सोडवायची वाटच उरत नाही. यात ड्रमवर किती वेढे शिल्लक आहेत हे फार महत्त्वाचे. वेढे संपेपर्यंत जबडे आवळले गेले नाहीत, तर सेफ्टी लागूनही केबिन थांबत नाही.

शेवटचा प्रकार काही जुन्या मालवाहू लिफ्टमध्ये भेटतो: गव्हर्नरच नाही, मुख्य रोप सैल झाला की स्प्रिंगने पाचरी बाहेर येतात. एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्वतः प्लॅटफॉर्मवर उभे राहून रोप कापायला लावला, ती कल्पना याच जातीची. रोप तुटण्यापुरती ती ठीक आहे. पण रोप शाबूत असताना ब्रेक किंवा गिअर गेला आणि भरलेली केबिन वेग घेऊ लागली, तर रोप ताणलेलाच राहतो आणि ही सेफ्टी जागची हलत नाही. माणसांच्या लिफ्टमध्ये असे आढळले तर ती लिफ्ट चालवू नये, इतके माझे मत पक्के आहे.

मेकॅनिक पिटमध्ये उतरलाच आहे तर त्याला दोन्ही रेलचे फोटो काढायला सांगा, केबिन जिथे अडकली होती तिथले खास. रेल खोटे बोलत नाही. क्षणात थांबवणारी सेफ्टी आखूड, खोल चावा सोडते. हळूहळू थांबवणारी लांब, चकचकीत पट्टा सोडते. दोन्ही रेलवरच्या खुणा जवळपास सारख्या लांबीच्या आणि सारख्या उंचीवर हव्यात. एकीकडे पट्टा आणि दुसरीकडे कोरी रेल, याचा अर्थ एकच बाजू लागली. दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा वाकला आहे, किंवा दुसऱ्या बाजूचे पिव्होट गंजले आहे. तुमच्या प्रसंगातल्या खुणा अजून पुसल्या गेल्या नसतील, म्हणून हे काम आधी करा. अर्थात वेग न वाढता सेफ्टी लागली असेल तर खुणा लहान असतील, लांबीवरून निष्कर्ष काढू नका, दोन बाजूंची तुलना करा.

इथवरचे एकत्र सांगतो: वेग गव्हर्नरच्या प्लेटवरून, प्रकार केबिनखालच्या ठोकळ्यावरून, आणि ती प्रत्यक्षात कशी लागली ते रेलवरून. तिन्ही जुळले तर पुढे जायचे. वेग एक सांगतो आणि ठोकळा दुसरे, असे असेल तर मध्ये केव्हातरी मशीन किंवा मोटर बदलून वेग वाढवला गेला असावा आणि सेफ्टी तशीच राहिली असावी.

देखभालीत सगळ्यात जास्त नुकसान ग्रीसने होते. गंज दिसला की ग्रीस थापायचे ही सवय इतर यंत्रांत खपते, इथे नाही. पाचर रेलला घर्षणाने पकडते. तिच्या पकडण्याच्या पृष्ठभागावर ग्रीस गेले की वर बसणारी धूळ आणि ते ग्रीस मिळून लगदा होतो, पाचर खाचेत चिकटते किंवा रेलवर घसरते. पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा, पिव्होटना हलके तेल, तेही पुसून. घसरणाऱ्या गाईड शूच्या लिफ्टमध्ये रेलला तेल लागते, ते ठीक आहे, पण उत्पादकाने सांगितलेलेच. सेफ्टीची स्प्रिंग त्या तेलाचे घर्षण धरूनच बसवलेली असते. रोलर शू असतील तर रेल कोरडीच हवी. गव्हर्नरच्या रोपला तर तेल कधीच लावायचे नाही, जबड्यातून तो निसटतो. मुख्य रोपला तेल लावताना हाताला लागलेले फडके त्यावरही फिरवून टाकणारे लोक आहेत, तुमच्याकडे तसे होऊ देऊ नका.

रंगाचेही तेच. पिट रंगवताना सेफ्टीच्या लिव्हर-पिव्होटवर, गव्हर्नरवर रंग गेला की ते चिकटून बसतात. आणि स्प्रिंगचे सील असेल तर ते तोडून "थोडी टाइट करतो" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. ती सेटिंग त्या वजनाला आणि वेगाला धरून कारखान्यात केलेली असते.

नियमित भेटीत मेकॅनिकने प्रत्यक्ष करायच्या गोष्टी अशा: वीज बंद करून लिव्हर हाताने उचलणे आणि दोन्ही बाजूंच्या पाचरी एकाच वेळी रेलला टेकतात का पाहणे, सोडल्यावर स्वतःहून जागेवर येतात का पाहणे, पाचर आणि रेलमधली फट दोन्हीकडे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून लिहिणे, सेफ्टीचा आणि गव्हर्नरचा असे दोन्ही स्विच हाताने पाडल्यावर लिफ्ट खरोखर बंद होते का पाहणे. फट किती हवी हा आकडा त्या ठोकळ्याच्या उत्पादकाचा, माझा किंवा मेकॅनिकच्या आठवणीतला नाही. नोंदवहीत नुसते "सेफ्टी ओके" लिहिलेले असेल तर त्यातून काहीच कळत नाही. आकडे लिहिले तर पुढच्या भेटीत फरक दिसतो, आणि गाईड शू झिजत चाललेत हे फटीच्या आकड्यांवरून आधीच कळते.

गव्हर्नरच्या रोपचे थोडे जास्त बोलतो, कारण तो दुर्लक्षित असतो. ईएन ८१ नुसार तो किमान ६ मिलिमीटर व्यासाचा हवा, आणि गव्हर्नरने पकडल्यावर त्यात निर्माण होणारी ओढ किमान ३०० न्यूटन किंवा सेफ्टी लावायला लागणाऱ्या बलाच्या दुप्पट, यातली जी मोठी ती हवी. म्हणजे पाचरी गंजून जड झाल्या की लागणारे बल वाढते आणि गव्हर्नरची तीच ओढ अपुरी पडते. जुना रोप बदलताना बाजारात मिळाला तो बारीक किंवा वेगळ्या बांधणीचा रोप टाकला तर जबडा त्याला नीट पकडत नाही. जुन्याच जाती-व्यासाचा रोप, आणि बदलल्यावर पकडीची चाचणी.

आता चाचणी. दोन वेगवेगळ्या आहेत. पहिली रिकाम्या केबिनची, इन्स्पेक्शनच्या (तपासणीसाठी ठेवलेल्या) संथ वेगात. केबिन खाली येत असताना गव्हर्नर हाताने लावायचा आणि सेफ्टी रेलला धरते का पाहायचे. धरल्यावरही मशीन खाली चालवू पाहिले की रोप पुलीवर घसरायला किंवा सैल पडायला हवेत. केबिन मात्र तसूभरही खाली जाता कामा नये. यासाठी मेकॅनिकला सेफ्टीचा स्विच तात्पुरता बायपास करावा लागतो. ती तार काढली हे तुम्ही स्वतः पाहून लिहून घ्या. दुसरी पूर्ण भाराची, ठरलेल्या वेगात. अमेरिकेच्या ए१७.१ नियमावलीत पहिल्या जातीची चाचणी दरवर्षी आणि पूर्ण भाराची दर पाच वर्षांनी सांगितली आहे. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल तर तो पाळा, पण कायदा काहीच सांगत नसेल तर मी हाच क्रम धरीन.

वर्षानुवर्षे चाचणी न झालेल्या लिफ्टवर थेट पूर्ण भाराची चाचणी करू नका. आधी चौकटीचे बोल्ट, ठोकळ्यांना तडे, रेलचे ब्रॅकेट, बफर (पिटमधले धक्का झेलणारे साधन) हे सगळे तपासायचे, मग संथ वेगाची चाचणी, ती दोन्ही बाजूंनी नीट उतरली तरच पुढची. चाचणीच्या वेळी केबिनमध्ये कोणीही नको, पिटमध्ये कोणीही नको, प्रत्येक मजल्याच्या दारावर अडसर हवा. भारासाठी वजने वापरतात, माणसे नव्हे. नंतर केबिनची फरशी किती कलली ते लेव्हलने मोजायचे. ईएन ८१ मध्ये भार समान पसरलेला असताना ५ टक्क्यांपेक्षा जास्त कल चालत नाही. सेफ्टी केबिन वर उचलूनच सुटायला हवी. मग रेलवरचे उठलेले कंगोरे कानसीने घासून काढायचे, नाहीतर पुढच्या फेरीत तेच पाचरीला पकडतील. तुमच्या मेकॅनिकने सेफ्टी सोडवून लगेच लिफ्ट चालू केली, तेव्हा हे कंगोरे राहिले असणार. ते तपासायला सांगा.

मशीनच्या ब्रेकबद्दल तुम्ही विचारले नाही, पण ते सोडून उत्तर पुरे होत नाही. जुन्या लिफ्टची सेफ्टी साधारणपणे खाली जाणाऱ्या केबिनलाच धरते. रिकामी केबिन वर पळाली, किंवा दार उघडे असताना मजल्यावरून सरकली, तर ती काहीच करत नाही. तिथे फक्त मशीनचा ब्रेक आहे. २००६ साली टोकियोच्या मिनातो भागात दार उघडे असताना केबिन वर गेली आणि एका १६ वर्षांच्या विद्यार्थ्याचा जीव गेला. तपासात ब्रेकचे लायनर झिजल्याचे आढळले. त्यानंतर २००९ पासून जपानने नव्या लिफ्टना दार उघडे असताना होणारी हालचाल रोखणारे वेगळे साधन सक्तीचे केले.

जुन्या ब्रेकमध्ये पाहायची गोष्ट म्हणजे दोन्ही शू एकाच कॉईलच्या एकाच दांड्याने उघडतात का. तसे असेल तर तो एक दांडा वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकला की दोन्ही शू एकदम उघडे राहतात. आजच्या मानकांना दोन स्वतंत्र संच हवे असतात, एक निकामी झाला तरी दुसऱ्याने भरलेली केबिन मंदावायला हवी. ड्रमखाली काळी पूड, ड्रम गरम, जळका वास, गिअरबॉक्सच्या सीलमधून लायनरवर आलेले तेल, यातले काहीही दिसले तर थांबायचे. आणि तुमच्या जुन्या मशीनवर नवा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवला असेल तर जास्त सावध राहा. जुन्या दोन वेगांच्या लिफ्टमध्ये ब्रेकच केबिनला थांबवतो, म्हणून तो सैल झाला की भरलेली केबिन मजल्याखाली आणि रिकामी मजल्यावर थांबू लागते. नव्या ड्राइव्हमध्ये मोटरच केबिनला शून्यावर आणते आणि ब्रेक नुसता धरून ठेवतो. लिफ्ट मिलिमीटरला मजल्याशी जुळते आणि ब्रेक निम्मा मेलेला असला तरी वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. तिथे ब्रेकची वेगळी चाचणी घेतल्याशिवाय काहीच कळणार नाही.

बदलायचे का? पाचरी, रोलर, ठोकळे शाबूत असतील, वेगाला प्रकार योग्य असेल आणि चाचणी उतरली असेल, तर केवळ वय झाले म्हणून सेफ्टी बदलायची गरज नाही. चांगल्या ओतकामाचे जुने ठोकळे मी निःशंकपणे चालू ठेवले आहेत. तडा, बोथट झालेले दाते, वेगाला न शोभणारा प्रकार, वाढलेले केबिनचे वजन किंवा चाचणीत एकच बाजू लागणे, यातले एकही असेल तर बदला. पाचर लेथवर बनवून घ्यायचा मोह टाळा, धातू आणि कडकपणा जुळत नाही. ठोकळे, गव्हर्नर आणि रेलची जाडी एकमेकांशी जुळणारी हवी, म्हणून संच पुरवणाऱ्याकडून वजन, वेग आणि रेल नमूद केलेले प्रमाणपत्र घ्या. नवा संच घेतच असाल तर दोन्ही दिशांना धरणारा घ्या, म्हणजे वर पळणाऱ्या केबिनचाही बंदोबस्त होतो. पैसे टप्प्याटप्प्याने खर्चायचे असतील तर माझा क्रम असा: आधी गव्हर्नर आणि त्याचा रोप, लगेच मशीनचा ब्रेक दोन स्वतंत्र शूंचा, मग दार उघडे असताना होणारी हालचाल रोखणारे साधन, आणि ठोकळे चाचणीत उतरले असतील तर ते शेवटी. पिटखाली लोकांचा वावर असलेली जागा असेल तर काउंटरवेटलाही सेफ्टी आहे का, हे याआधी पाहा.

संच बदलला तर काढलेले ठोकळे आणि गव्हर्नर भंगारात तसेच देऊ नका. तुमच्यासमोर कापून किंवा फोडून मगच द्या, कारण रंग मारलेला जुना गव्हर्नर दुसऱ्या एखाद्या लिफ्टवर बसवला जायला वेळ लागत नाही.